निरीक्षण-कौशल्य, दोन श्रेयांक

सोमवार, १० फेब्रुवारी २०२५. दुपारी बारा वाजता बी.कॉम. दुसऱ्या वर्षाच्या प्रीतम रामटेके या विद्यार्थ्याने बाह्य परीक्षकांना सांगितले, की निरीक्षण-कौशल्य हा विषय त्याच्या वर्गाला गिरिधर सोनकुसरे सर शिकवतात. दर बुधवारी दुपारी दोन ते तीन, खोली तीनशे चार.

विद्यापीठात गिरिधर सोनकुसरे नावाचे कोणी शिक्षक नव्हते. हे तिथे समोर बसलेल्या कामिनी लांजेवार यांना सर्वांत चांगले माहीत होते, कारण ते नाव त्यांनीच तयार केले होते.

शहराच्या टोकाला, बेसा या वस्तीच्या पुढे, जिथे नवे प्लॉट संपून शेते सुरू होतात तिथे हे खासगी विद्यापीठ आहे. कामिनी तिथे मराठी शिकवते आणि त्याशिवाय मूल्यमापन कक्षाचे काम पाहते. कक्षाचे काम थोडक्यात असे: प्रत्येक विषयाच्या सुरुवातीला लिहून ठेवायचे, की विषय संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे. मग परीक्षेच्या गुणांवरून ठरवायचे, की ते किती जणांना करता आले. त्यातून शून्य ते तीनमधला एक आकडा निघतो. विषयांच्या आकड्यांवरून विभागाचा आकडा निघतो आणि विभागांच्या आकड्यांवरून विद्यापीठाचा. विद्यापीठात मुले काय शिकली, या प्रश्नाचे उत्तर म्हणून तो एक आकडा बाहेर दाखवला जातो.

निरीक्षण-कौशल्य हा सर्व विभागांना समान असलेला, एकत्र घ्यायचा विषय होता. तो शिकवण्यासाठी मंजूर झालेली जागा भरली गेली नाही. जुलैत वेळापत्रक करताना अडचण आली ती शिक्षकाच्या रकान्याची. संगणकप्रणाली तो रिकामा घेत नव्हती. रकाना रिकामा म्हणजे विषय नाही, विषय नाही म्हणजे त्याचा आकडा नाही आणि तो आकडा नसला तर एकाही विभागाची सरासरी पूर्ण होत नव्हती.

कामिनीने अधिष्ठाता डॉ. रुपराव काळबांडे यांना विचारले. ती कधीकाळी त्यांची विद्यार्थिनी होती, त्यामुळे ते तिच्याशी मोकळे बोलत.

"नाव टाक एखादं," ते म्हणाले.

"कोणाचं टाकू सर?"

"कोणाचंही टाक वं. मशीनले काय समजते, कोण हाये अन् कोण नाही."

तिने गिरिधर सोनकुसरे असे लिहिले. नाव कुठून सुचले, हे तिला नंतर सांगता आले नाही. अभ्यासक्रमाचे पाच घटकही तिनेच भरले: वस्तू, जागा, आवाज, बदल, माणूस. खोली म्हणून तिसऱ्या मजल्याच्या टोकाची तीनशे चार दिली, कारण तिथे मोडके बाक ठेवलेले होते आणि ती कोणी मागत नव्हते. मुले एकदा येतील, शिक्षक नाही म्हणून परत जातील आणि पुन्हा येणार नाहीत, असा तिचा अंदाज होता. तास होत नाही म्हणून मुलांनी तक्रार केल्याचे तिने नोकरीत कधी पाहिले नव्हते. दिवाळीआधी तिने अंतर्गत गुणही बसल्या जागी भरले. विषयाचा आकडा आला दोन पूर्णांक एक दशांश. खाली गेला असता तर खुलासा मागितला असता, वर गेला असता तर कौतुक झाले असते. तिला दोन्ही नको होते.

तिची नेमणूक अकरा महिन्यांची असते. दर उन्हाळ्यात ती संपते, नव्याने होते. या वर्षी पहिल्यांदाच कायम जागा निघाली होती, एकच, आणि त्या जागेच्या मुलाखती २८ फेब्रुवारीला होत्या. मूल्यमापनाच्या प्रत्येक पानावर सही तिची होती. एक विषय खोटा निघाला असता तर कायम जागाच नव्हे, पुढची अकरा महिन्यांची नेमणूकही गेली असती.

बाह्य परीक्षक डॉ. सुभद्रा नगरकर पुण्याहून आल्या होत्या. आकडे बरोबर आहेत की नाहीत, हे त्या कागदावर तपासत नसत. एक विषय निवडत आणि मुलांना समोर बसवून विचारत. त्यांनी निरीक्षण-कौशल्य निवडला.

"हाच का?" कामिनीने विचारले.

"बाकीचे आकडे एक तर फार चांगले आहेत, नाही तर कारणांसकट वाईट आहेत," सुभद्रा म्हणाल्या. "हा एकटाच मान खाली घालून बसलाय."

तीन वेगवेगळ्या विभागांतली मुले एकेक करून बोलावली गेली. पहिला प्रीतम. सुभद्रांनी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि या खोलीचे वर्णन कर म्हणाल्या. आत येऊन त्याला पाच मिनिटेही झाली नव्हती.

त्याने थांबत थांबत सांगितले. पंख्याचे एक पाते नंतर बसवलेले आहे, त्याचा रंग वेगळा आहे. भिंतीवरचे घड्याळ मागे आहे. टेबलाला आधी दोन ड्रॉवर होते, आता एकच आहे. मॅडमच्या पेनाचे टोपण दुसऱ्या पेनाचे आहे.

सुभद्रांनी पेन उलटसुलट करून पाहिले. "आणि?"

"अन् जिन्यात कोणीतरी थांबून राहिलं आहे. मी आलो तवापासून. वर येऊन नाही राहिलं, खालीही जाऊन नाही राहिलं."

कामिनी उठून जिन्यापर्यंत गेली. तिथे कोणी नव्हते. ती परत आली तेव्हा प्रीतमचे डोळे मिटलेलेच होते.

"आता मॅडम त्याच्या बाजूनं निघून आल्या," तो म्हणाला.

त्यानंतर वनस्पतीशास्त्राची भावना गजभिये आणि संगणकशास्त्राचा ऋषिकेश चाफले आले. बुधवारच्या त्या तासापलीकडे तिघांची एकमेकांशी ओळख नव्हती. भावनाने खोलीच्या प्रतिध्वनीवरून सांगितले, की मागच्या कपाटात कागद नाहीत, ते रिकामे आहे. कपाट उघडले तेव्हा ते रिकामे होते. ऋषिकेशने सांगितले, की टेबलाजवळची चौथी खुर्ची सकाळी इथे नव्हती, बाहेरून आणली आहे. तसेच होते. जिन्यातल्या माणसाचा उल्लेख तिघांनीही केला. तो कोण असेल, असे सुभद्रांनी विचारल्यावर तिघांनीही तेच उत्तर दिले: ते अजून झालेले नाही.

"म्हणजे?"

"माणूस पाचव्या घटकात आहे मॅडम," भावना म्हणाली. "आमचा तिसरा सुरू आहे. सर म्हणतात, जे शिकवलं नाही त्याच्यावर बोलायचं नाही."

"सर दिसतात कसे?"

भावना थोडी हसली. "तेही पाचव्यातच येते."

मुले गेल्यावर सुभद्रांनी बराच वेळ काही लिहिले. मग म्हणाल्या, की इतक्या वर्षांत लिहिलेले उद्दिष्ट आणि मुलांना येणारी गोष्ट इतकी जुळलेली त्यांनी पाहिली नाही. दोन पूर्णांक एक दशांश हा आकडा चूक आहे. तो तीन हवा. सोनकुसरे सरांना भेटायला बोलवा.

खोटे पकडले जाईल, या भीतीची कामिनीला जुलैपासून सवय झाली होती. हे वेगळे होते. चार वाजता ती अतिथिगृहात गेली आणि तिने सुभद्रांना सर्व सांगितले. शिक्षक नाही, तास नाही, गुण आपणच भरले.

सुभद्रांनी ऐकून घेतले. "लांजेवार मॅडम, न शिकवलेला विषय शिकवला म्हणून सांगणारे मला रोज भेटतात," त्या म्हणाल्या. "शिकवलेला विषय शिकवलाच नाही म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या."

"मी खरं बोलते आहे."

"मग मुलं बोलली ते काय होतं? ते पाठांतर नव्हतं. कोणीतरी महिनोन् महिने त्यांच्यासोबत बसलेलं आहे."

सुभद्रांनी टिपणांची वही मिटली.

"मला काय वाटतं ते सांगू? तुम्ही लोकांनी एका माणसाला नेमणूकपत्र न देता वर्षभर राबवलंत. आता कायम जागा निघाली, तर तो माणूसच नाही म्हणताय. त्या जागेला तुमचाही अर्ज आहे ना?"

कामिनीने हो म्हटले.

"तेच," सुभद्रा म्हणाल्या.

संध्याकाळी रुपरावांना हे कळले तेव्हा ते चिडले, पण फार नाही.

"तुले कोणी सांगतलं होतं खरं बोलाले? पोरं पास, विषय पास, बाई खूश. तू काहून मधात पडली?"

"सर, तो माणूस कोण आहे?"

"असन कोणी रिकामा पेन्शनर. बेसात लय झाले असे. घरी सून बोलत नाही, मंग येऊन बसत असन पोरांत. शिकवाची हौस असते एकेकाले."

"त्याचं नाव मी ठेवलं आहे सर."

"टाइमटेबलावर तू लिहून ठेवलं ना. वाचलं असन त्यानं. पोरायनं विचारलं, सोनकुसरे सर का? तो म्हणाला, हो. संपलं. एवढं काय त्याच्यात."

हे पटण्यासारखे होते. कामिनीने ते पटवून घेतले. बुधवारी जायचे, त्या गृहस्थांना भेटायचे, सुभद्रांसमोर उभे करायचे, असे ठरवून ती १२ फेब्रुवारीला दोनच्या तासाला तिसऱ्या मजल्यावर गेली. निघताना विद्यार्थ्यांचे एक टोळके तिला जिन्यात अडवून सहलीबद्दल विचारत राहिले, त्यामुळे पोहोचायला वेळ झाला.

खोली तीनशे चार स्वच्छ होती. मोडके बाक मागच्या भिंतीशी नीट रचलेले होते. पुढच्या बाकांवर मुले बसली होती, साठेक तरी असतील. फळ्यावर काही नव्हते. फळ्यासमोर कोणी नव्हते.

कामिनी दारात थांबली. वर्गात बोलण्याचा आवाज नव्हता, पण ती परीक्षेतली शांतता नव्हती. मुले ऐकत होती. तिने त्यांच्या डोळ्यांकडे पाहिले. साठ जणांची नजर खिडकीपासून हळूहळू दाराकडे सरकली, मध्ये थोडी थांबली, पुन्हा खिडकीकडे गेली. वर्गात फेऱ्या मारत शिकवणाऱ्या माणसामागे नजर जाते तशी. मग सर्व जण एकदम हसले, मोठ्याने नाही, ओळखीच्या विनोदाला हसतात तसे, आणि माना खाली घालून लिहू लागले.

ती मागच्या बाकावर जाऊन बसली. शेजारी प्रीतम होता.

"प्रीतम, सर कुठे आहेत?"

त्याने ओठांवर बोट ठेवले. "मॅडम, ते शिकवून राहिले."

त्याच्या वहीत आजची तारीख होती आणि खाली तो लिहीत होता ते सलग, मुद्देसूद होते. आवाज थांबल्यावर जागा कशी बदलते, याबद्दल. तिने पुढच्या मुलीच्या वहीत डोकावले. अक्षर वेगळे, मजकूर तोच. मुलगी एका शब्दाशी अडली, तिने मान वर केली, वाट पाहिली, मान हलवली आणि शब्द पूर्ण केला.

मग पेने थांबली. पुढच्या रांगेपासून एकेक करत सर्व मुलांनी मागे वळून कामिनीकडे पाहिले.

भावना तिसऱ्या रांगेत होती. "मॅडम," ती आदराने म्हणाली, "सर विचारून राहिले."

"काय?"

"तुम्ही काहून उशिरा आल्या म्हणून."

कामिनीने तोंड उघडले. जिन्यात मुलांनी अडवले, हे उत्तर तिच्याजवळ होते. ते कोणाकडे पाहून द्यायचे, हे तिला कळेना. मुले वाट पाहत होती, त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. एका मुलाला तर तिची कीव आल्यासारखे दिसले.

"असू द्या म्हणतात," भावनाने थोड्या वेळाने सांगितले. मुले पुन्हा पुढे वळली.

तास संपेपर्यंत कामिनी बसून होती. मधेच उठून जाणे तिला बरे वाटले नाही, असे तिने रुपरावांना सांगितले. बरे वाटले नाही म्हणजे काय, हे त्यांनी विचारले नाही. पेन्शनर भेटला का, एवढेच विचारले. ती नाही म्हणाली.

गुरुवारी तिने संगणकावर ते नाव काढून टाकण्याचा प्रयत्न केला. चालू विषयाचा शिक्षक काढता येत नाही, दुसरा नेमावा लागतो, असा संदेश आला. तिने स्वतःचे नाव घातले. ते घेतले गेले. म्हणजे येत्या बुधवारपासून तो तास तिचा होता. ती दोन रात्री तयारी करत राहिली. आवाज हा घटक तिने नुसता नावापुरता लिहिला होता, त्यात काय शिकवायचे हे तिला नव्याने ठरवावे लागले.

पण पुढचे दोन्ही बुधवार सुट्टीचे निघाले. १९ला शिवजयंती, २६ला महाशिवरात्र. दोन्ही दिवशी विद्यापीठाचे फाटक बंद होते. २७ तारखेला तिने भावनाला कँटीनजवळ गाठले आणि सांगितले, की आता हा विषय ती शिकवणार आहे, पुढच्या बुधवारी तिसऱ्या घटकापासून.

भावना गोंधळली. "तिसरा झाला ना मॅडम. चौथाही झाला."

"कधी?"

"या दोन बुधवारी. सर म्हणाले, पोर्शन मागं पडला, सुट्टीत एक्स्ट्रा घेऊन टाकू."

"फाटक बंद होतं."

"हो, बंदच होतं," भावना म्हणाली. तिला त्यात काही विशेष वाटले नाही. "मॅडम, तुम्ही येऊन बसान तर चालते. पण शिकवणं सरायलेच राहू द्या. पोरं ऐकणार नाहीत तुमचं."

हे ती उद्धटपणे बोलली नाही.

त्याच दिवशी सुभद्रा नगरकरांचा अहवाल विद्यापीठात आला. सर्व विभागांत मिळून, जे शिकवायचे म्हटले ते मुलांना खरोखर आले असा एकच विषय आढळला, असे त्यात होते. संबंधित शिक्षकाला नेमणूक न देणे हे अन्यायाचे आहे आणि कायम जागेसाठी त्याचा विचार सर्वांआधी व्हावा, अशी शिफारस होती. कामिनीच्या कबुलीचा उल्लेख एका वाक्यात होता: मूल्यमापन कक्षाच्या समन्वयक स्वतः उमेदवार असल्याने त्यांचे म्हणणे ग्राह्य धरलेले नाही.

कुलगुरूंच्या कार्यालयाने शिफारस मान्य केली आणि मुलाखतीच्या यादीत सोनकुसरे हे नाव पहिले घातले. रुपरावांनी कामिनीला फोन करून सांगितले, की काळजी करू नको, जो माणूसच नाही तो मुलाखतीला येईल कसा.

"सर, तुम्हाला खात्री आहे?"

"तुले नाही का?"

तिने फोन ठेवला.

मुलाखती २८ फेब्रुवारीला विद्यापीठाच्या शहरातल्या, रामदासपेठेच्या कार्यालयात ठेवल्या होत्या. समितीत चार जण होते, त्यांत बाहेरच्या तज्ज्ञ म्हणून सुभद्रा नगरकर आणि रुपराव काळबांडे. अकराची वेळ दिलेली होती. बाहेर लावलेल्या क्रमात पहिले नाव सोनकुसरे, दुसरे लांजेवार होते. तिसरे उमेदवार अमरावतीहून निघाले होते, त्यांना वाटेत उशीर होत होता.

कामिनी पावणेअकराला पोहोचली. बाहेरच्या खोलीत तिच्याशिवाय कोणी नव्हते. साडेअकरापर्यंत तिला बोलावले नाही. पहिला उमेदवार गैरहजर असला तर दुसऱ्याला लगेच बोलावतात, हे तिला माहीत होते. तिने दारावरच्या शिपायाला, भैय्याजींना विचारले.

"माझा नंबर केव्हा?"

"चालू हाये ना पहिल्यायचं."

"आत कोण गेलं?"

"मी पाणी आणाले खाली गेलो होतो मॅडम. वर आलो तं दार लावून होतं."

"तुम्ही पाहिलं नाही?"

"नाही. पण चालू हाये. ऐका ना तुम्हीच."

दार जाड होते. सुभद्रांचा प्रश्न विचारतानाचा आवाज तेवढा कळत होता, शब्द नाहीत. प्रश्न संपला की थोडा वेळ काहीच ऐकू येत नव्हते. मग रुपराव काहीतरी बोलले. ते नेहमीच्या सुरात नव्हते. आपल्याहून मोठ्या माणसाशी बोलतात तसे हळू, अदबीने बोलत होते. तिने त्यांच्या फोनवर संदेश पाठवला. तो वाचला गेल्याचे दिसले, उत्तर आले नाही.

अमरावतीचे उमेदवार एक वाजता आले आणि शेजारी बसून पंख्याखाली घाम पुसू लागले. तुमची झाली का, असे त्यांनी विचारले. ती नाही म्हणाली.

दीडच्या सुमारास दार हातभर उघडले आणि रुपरावांनी बाहेर न येता भैय्याजींना चहा सांगितला. आत चार जणांची समिती आहे. चहा पाच जणांचा सांगितला. कामिनी उभी राहिली, पण त्यांनी तिच्याकडे पाहिले नाही आणि दार लागले.

मुलाखत सुरू आहे. कामिनी लांजेवार यांना अजून आत बोलावलेले नाही.